नऊ की अकरा?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलन, प्रयोगशाळा, अजिंक्यताऱ्यावरची सहल अशा कितीतरी विषयांवर लिहिता येईल असे वाटले होते. प्रत्यक्ष कागद पुढे ओढल्यावर मात्र गणिताच्या सरांखेरीज दुसरे काही सुचेना. सरांचे नाव लिहीत नाही, कारण आपल्या शाळेत नुसते 'सर' म्हटले तरी ते कोण, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

१९९३ साली मी दहावीत होते. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेसाठी सरांनी आम्हा सात जणांना निवडून दर रविवारी सकाळी सात वाजता जुन्या इमारतीत बोलावले, आणि त्यासाठी कोणाकडून एक पैसाही घेतला नाही. ही योजना १९६३ मध्ये दिल्लीत अवघ्या १० शिष्यवृत्त्यांनिशी सुरू झाली, तेव्हा ती केवळ विज्ञानापुरती होती, आणि १९७६ पासून ती परीक्षा भारतीय भाषांतूनही देता येऊ लागली, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. "म्हणजे मराठी माध्यमाची सबब संपली," एवढे बोलून ते फळ्याकडे वळले.

आधी राज्यस्तर आणि मग, प्रत्येक राज्याला ठरवून दिलेल्या संख्येइतक्याच मुलांसाठी, राष्ट्रीय स्तर, असे परीक्षेचे दोन टप्पे होते. शालेय क्षमता चाचणीचा अभ्यास पाठ्यपुस्तकांवर भागत असे. मला धास्ती होती ती बौद्धिक क्षमता चाचणीची.

एका रविवारी सरावाच्या पुस्तिकेत ३, ५, ७ यापुढची संख्या विचारली होती. मी ११ लिहिले, कारण मला त्या मूळ संख्या दिसल्या. पुस्तिकेच्या शेवटी उत्तर ९ होते. बाकीचे सहा जण हसले. सरांनी दोन्ही नियम फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुझे चुकलेले नाही, पण प्रश्न काढणाऱ्याच्या मनातला नियम वेगळा असला तर गुण मिळणार नाहीत, आणि परीक्षेत तेही ओळखावे लागते." एवढ्यावर विषय संपला असता. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी तीच पुस्तिका पुन्हा उघडून सांगितले की, दिलेल्या चार पर्यायांत ९ आणि ११ दोन्ही आहेत, तेव्हा दोष मुलीचा नसून प्रश्नाचा आहे. प्रकाशकाला त्यांनी कार्ड टाकले होते. उत्तर अर्थातच आले नाही. छापील ९ च्या पुढे त्यांनी स्वतःच पेन्सिलने 'किंवा ११' असे लिहिले.

मी राज्यस्तर पार केला, राष्ट्रीय यादीत माझे नाव आले नाही. आमच्यापैकी एकाचे आले. निकाल कळल्यावर सर आमच्या घरी आले, वडिलांशी पावसापाण्याच्या गोष्टी बोलले, चहा घेतला आणि निकालाचा शब्दही न काढता गेले.

आज मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि प्रश्नपत्रिकाही काढते. पर्याय लिहून झाले की एखाद्या हट्टी मुलीला दुसरा पर्यायही बरोबर ठरवता येईल का, हे तपासल्याशिवाय मी पाकीट बंद करत नाही. माझ्या सहकाऱ्यांना हा चिकटपणा वाटतो.

३१ मार्च २०२१ नंतर प्रज्ञाशोध योजनेला मुदतवाढ मिळाली नाही, हे वाचून मला घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. आठवीतील आर्थिक दुर्बल घटकांच्या परीक्षेतून निवड झालेल्या मुलांना नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. पण तिथे पालकांच्या उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे प्रज्ञाशोधची जागा ती परीक्षा भरून काढू शकत नाही.

ती पुस्तिका शिक्षक खोलीतल्या कपाटात अजून असेल, तर महोत्सवाच्या दिवशी कोणीतरी मला ते कपाट उघडून द्यावे, एवढी विनंती आहे.