रविवारची फ्रेम : बडोद्याभोवतीचे बावन्न आठवडे

आठवडा १, जानेवारी

दर रविवारी ठरलेल्या जागांचे फोटो काढायचे, असा हा वर्षभराचा प्रकल्प. बडोद्यात सध्या सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आपण म्हणतो आणि ते खरंच आहे, पण ती वाढ आत्ता संध्याकाळच्या बाजूला पडते. वर्षातली सर्वांत उशिराची सकाळ जानेवारीच्या मध्यावर येते. म्हणजे या महिन्यात पहाटेच्या फोटोसाठी सहाला निघालं तरी वेळ हातात राहतो. जूनमध्ये मात्र सूर्योदय सहाच्याही आत असतो.

वर्षाची आखणी अशी : चार जागा पक्क्या. समुद्रासाठी कावी-कंबोई, नदीसाठी महीकाठचं सिंधरोट, पाण्यासाठी आणि पक्ष्यांसाठी डभोईजवळचं वढवाणा, आणि पावागडाच्या क्षितिजासाठी दांडिया बाजारातली एक उंच गच्ची. कंबोईला १२ आठवडे, सिंधरोटला १०, वढवाण्याला ८, गच्चीला १०. हे ४० झाले. उरलेले १२ मोकळे ठेवायचे, पळसासाठी, कापसासाठी, अचानक भरून आलेल्या आभाळासाठी. दर आठवड्याला नवी जागा शोधणारा माणूस मार्चपर्यंत थकतो आणि वर्षाअखेर त्याच्याकडे ५२ सुटे फोटो उरतात. जागा बांधून घेतली की बदलतो तो फक्त काळ, आणि तोच टिपायचा आहे.

जागा पक्की म्हणजे किती पक्की? ट्रायपॉडची उंची १४० सेंटिमीटर, लेन्स ३५ मिलिमीटर, होकायंत्राचा अंश वहीत. फोनमधलं लोकेशन चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. जुनी खात्रीची रीत वेगळी आहे. जवळची एक आणि लांबची एक अशा दोन वस्तू निवडायच्या, उदाहरणार्थ मोरीचा कठडा आणि मागचा विजेचा खांब. पहिल्या फोटोत कठड्याचं टोक खांबाला जिथे टेकलेलं दिसतं, तिथेच ते पुन्हा टेकेपर्यंत आपण सरकायचं. अशा दोन जोड्या, एक डावीकडची आणि एक उजवीकडची, जुळल्या की ट्रायपॉड वीतभरही चुकत नाही. पहिल्या फ्रेमचा एक छापील फोटो बॅगेत ठेवावा. उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, कागद दिसतो.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची मांडणी, ऑटोवर नको. ५२०० केल्विनवर एकदा ठेवून वर्षभर हलवायचा नाही. नाहीतर जानेवारीचं पिवळं गवत आणि ऑगस्टचं हिरवं यांच्यातला फरक कॅमेरा स्वतःच पुसून टाकतो.

आठवडा ४

कंबोई. बडोद्याहून पादरा, जंबुसर करत साधारण ७५ किलोमीटर. इथलं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर भरतीला पाण्यात जातं आणि ओहोटीला मोकळं होतं, दिवसातून दोनदा. कोकणातला निळा समुद्र डोक्यात ठेवून आलेल्याला हे पाणी गढूळ वाटेल. मही, ढाढर, नर्मदा यांचा गाळ आणि भरतीचा जोर मिळून ते कायम घुसळलेलं असतं. मला हा तपकिरी रंग फार सुंदर वाटतो. तो करडा होईपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये धुऊन काढू नये.

मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी साधारण ५ मीटर चढतं. खंभातच्या आखातात भावनगरला हा फरक १० मीटरच्या वर जातो, कारण आखात वर नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं आणि आत शिरलेल्या पाण्याला चढण्याखेरीज वाट राहत नाही. कोकणातला ‘तिथीच्या पाऊणपट’ (तिथीच्या आकड्याची पाऊणपट वाजता पूर्ण भरती) हा हिशेब इथे जसाच्या तसा लावू नये. भरतीला आखातात वर पोचायला वेळ लागतो, त्यामुळे घड्याळ पुढे सरकतं. छापील कोष्टकात जवळच्या बंदराची वेळ बघावी आणि पहिल्या दोन खेपांत प्रत्यक्ष किती फरक पडतो ते वहीत लिहावं.

आठवड्याच्या प्रकल्पाला इथे एक गंमत लाभते. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. भरती आणि ओहोटीतलं अंतरही सहा तासांच्या आसपासच असतं. म्हणून या रविवारी संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी चिखल उघडा असणार. आणि १४ दिवसांनी गेलं तर पुन्हा जवळजवळ पहिलंच दृश्य. ज्यांनी कंबोईची फेरी दर पंधरवड्याला ठरवली, त्यांच्या लागोपाठच्या फोटोंत समुद्र जवळजवळ एकाच पातळीला उभा दिसेल. फेऱ्यांमध्ये एक किंवा तीन आठवड्यांचं अंतर ठेवावं, दोनाचं नाही.

किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सूर्य पाण्यातच मावळतो. ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र आले की ओल्या चिखलावर आभाळ उतरतं. भरती आणि सूर्यास्त एकत्र आले की मंदिर पाण्यात आणि रंग थोडा. दोन्ही हवेत.

सावधगिरीची गोष्ट एकच, पण ती नीट समजून घ्यावी. भरतीच्या सहा तासांत पाणी समान चढत नाही. बारा भाग केले तर तासागणिक १, २, ३, ३, २, १ असं चढतं. फरक १० मीटर धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासाला प्रत्येकी अडीच मीटर. किनारा दर २०० मीटरला १ मीटर उतरत असेल तर त्या एका तासात पाण्याची कड ५०० मीटर आत येते, आणि उथळ आखातात भरतीचा वेळ ओहोटीपेक्षा कमी असल्याने प्रत्यक्षात याहूनही लवकर. चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतलेला माणूस तेवढ्या वेगाने चालू शकत नाही. चिखलावर उतरायचं ते ओहोटी चालू असताना, पाणी वळायच्या अर्धा तास आधी परत बांधावर.

ट्रायपॉडचे पाय चिखलात हळूहळू खचतात. १/१०० सेकंदाला ते कळत नाही, ३० सेकंदांच्या शटरला सगळा फोटो खाली ओघळतो. आठ-दहा सेंटिमीटरची स्टीलच्या डब्यांची तीन झाकणं पायांखाली उलटी ठेवली की थांबतं. पाय उघडताना सर्वांत खालचा, बारीक भाग आधी पूर्ण बाहेर काढावा, म्हणजे त्याचं कुलूप चिखलाच्या वर राहतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पाय उघडेच ठेवून वाळवावेत. मिटून ठेवला तर मीठ आत राहतं आणि महिन्याभरात कुलपं जाम होतात.

आठवडा ६

वढवाणा. सयाजीराव गायकवाडांच्या काळात, १९०९-१० मध्ये, सिंचनासाठी बांधलेला तलाव. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून इथे येतं. २०२१ पासून रामसर यादीत आहे. हिवाळ्यात इथे पट्टकादंब, मोठी लालसरी आणि हजारोंनी वारकरी हे पक्षी.

वारकरी हा पक्षी एक्स्पोजरची परीक्षा घेतो. काळं अंग, पांढरी चोच, चमकतं पाणी. कॅमेऱ्याला सोडलं तर तो पाण्याकडे बघतो आणि पक्षी काळा ठिपका होतो. सूर्य पाठीशी ठेवून एक्स्पोजर +०.७ ने वाढवावं, पण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नये, नाहीतर चोचीचा आकारच जातो. बगळ्यांना उलट, −०.७ ते −१. बांधावरून उभ्याने काढलेल्या फोटोत पक्षी पाण्यात चिकटवल्यासारखे दिसतात. बसून, गुडघ्याच्या उंचीवरून काढले की मागचं पाणी धूसर होतं आणि पक्षी सुटा होतो. थव्याच्या दिशेने चालत जाऊन तो उडवू नये. दूरचा प्रवास करून आलेल्या पक्ष्याची ताकद आपल्या एका फ्रेमसाठी खर्ची पडते.

आठवडा ९

जांबुघोड्याच्या वाटेवर पळस. पानं गळालेली, झाड नुसतं केशरी. मोकळ्या आठवड्यांतला पहिला यावरच घालवावा. लाल रंगाचा आलेख आधी उजव्या भिंतीला टेकतो, म्हणून नुसता एकत्र हिस्टोग्राम न बघता तिन्ही रंगांचा वेगळा बघायचा.

आठवडा १९, मे

सगळ्यात जास्त प्रकल्प या महिन्यात बंद पडतात. आभाळ पांढरं, शेत उघडं, सावली आखूड. बडोदं २२.३ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. मेमध्ये आपण त्याच्या जवळच असतो. कामाचा वेळ म्हणजे सूर्योदयाआधीची २२ ते २५ मिनिटं आणि नंतरची चाळीस. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश लवकर संपतो, तेव्हा जागेवर पोचून ट्रायपॉड उघडणं अंधारातच व्हायला हवं.

या दिवसांत सिंधरोटकडे महीची कोतरं धरावीत. मातीच्या घळी, पावसाने कोरलेल्या. तिरप्या उन्हात प्रत्येक चिरेला सावली असते, आणि आभाळ फ्रेममध्ये घ्यायची गरजच पडत नाही. कृष्णधवल करायचं असेल तर हाच महिना.

आठवडा २५, जून

शहरातून पावागड ईशान्येच्या जरा पूर्वेला, सुमारे ६३ अंशांवर, सरळ रेषेत ३८ किलोमीटर. २१ जूनच्या आसपास सूर्य ६५ अंशांवर उगवतो. म्हणजे वर्षातल्या याच दिवसांत तो गडाच्या मागून वर येतो. डिसेंबरात तो ११५ अंशांवर गेलेला असतो, पन्नास अंश उजवीकडे. गच्चीवरून महिन्याला एक अशी फ्रेम घेतली तर सूर्याची ही ये-जा एका पट्टीवर मांडता येते, पण त्यासाठी ३५ मिलिमीटर लेन्सने निदान दोन फोटो जोडावे लागतात. एका फोटोत ५४ अंश रुंदी मावते आणि दोन्ही टोकं कडेला चिकटतात.

जूनमधली अडचण उघड आहे, ढग आणि धूळ. पाच पहाटांपैकी एखादी मिळते. न दिसलेला सूर्यही त्याच फ्रेममध्ये, त्याच आकड्यांवर टिपून ठेवायचा. रिकामं करडं क्षितिज हीच त्या आठवड्याची नोंद.

आठवडा २९

पाऊस. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसू नये, आत पुन्हा धरते. बॅगेची चेन बंद ठेवून वीस-तीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्यावी. घरी लेन्सला बुरशी हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की लागते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक, अर्धा किलो नारिंगी सिलिका जेल. काटा ४० ते ५० वर ठेवायचा, तीसच्या खाली नको, रबर आणि वंगण कोरडं पडतं. जेल हिरवं झालं की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजावं. निळं जेल घेऊ नये, त्यात कोबाल्ट असतं.

फायलींचा हिशेबही याच बंद दिवसांत करावा. आठवड्याला १५० फ्रेम, प्रत्येकी २५ मेगाबाइटची रॉ फाइल, वर्षाला १९५ गिगाबाइट. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या घरी. निवड बुधवारपर्यंत उरकावी. तीन आठवडे साचले की कुठलं आभाळ कुठल्या रविवारचं ते आठवेनासं होतं आणि वहीतल्या नोंदी कोरड्या राहतात.

आठवडा ४६

करजणच्या बाजूला काळ्या जमिनीत कापूस फुटला. वेचणीच्या बायांचे फोटो विचारून काढावेत, आणि छापून परत नेऊन द्यावेत. पांढरी बोंडं उन्हात जळतात, सूर्य ढगाआड जाईपर्यंत थांबलेलं बरं.

आठवडा ५०, डिसेंबर

दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून डिसेंबरात तो जूनच्या सूर्याच्या जागी उगवतो. पावागडाच्या मागून, आणि आता हवा स्वच्छ आहे. चंद्राची कक्षा ५ अंशांनी कललेली असल्याने जागा दरवर्षी थोडी सरकते. आधी अंश काढून ठेवावा आणि गच्ची कमी पडत असेल तर शहरात दक्षिणेला किंवा उत्तरेला दोन-तीन किलोमीटर हलावं.

४०० मिलिमीटर लेन्सवर चंद्र सेन्सरवर साडेतीन-चार मिलिमीटरचा पडतो. २०० वर निम्मा, पण गडाचा पूर्ण उतार मिळतो, मला तोच जास्त आवडतो. सूर्यास्तानंतरची दहा-पंधरा मिनिटं चंद्राचा उजेड आणि गडाचा उजेड एका एक्स्पोजरमध्ये बसतात. नंतर चंद्र पांढरी टिकली होतो. शटर १/१५ पेक्षा लांब नको, चंद्र सरकलेला दिसतो. एफ/८, आयएसओ ४०० पासून सुरुवात. हे झालं की लेन्स बदलून ३५ लावायची, उंची १४०, अंश वहीतलाच, आणि जूनची ती करडी फ्रेम पुन्हा एकदा काढायची.