टाकीतला दादा
मालवणला घरामागच्या व्हाळातून गेल्या आठवड्यात तीन पट्टेरी किलीफिश आणले. डोक्यावर चांदीची टिकली, दिवसभर पाण्याच्या वरच्या थरात निपचित. वाटलं, गरीब असतील. सोडले गप्पींच्या टाकीत.

काल गप्पी व्यायली. आज सकाळी बघतो तर पिल्लू एकही नाही, आणि ह्यांची पोटं टम्म! मोठ्या गप्पींना मात्र ओरखडाही नाही. तोंडात मावेल तेच खाणार. आपापसात मात्र दोघा नरांनी एकमेकांच्या शेपट्या फाडल्यात.

आई म्हणाली, "व्हाळातलो मासो तो, पोरांक काय अंगाई म्हणतलो?"

तिसरा टाकीमागे सापडला, धुळीत लोळलेला. झाकणाच्या बोटभर फटीतून उडी! बादलीत टाकला, जगला. झाकणावर आता आईचा वरवंटा आहे.