मोटरहोममधल्या शॉवरची गळती: पाना उचलण्याआधीचं काम

नळ बंद, शॉवर बंद, तरीही दर आठ-दहा मिनिटांनी पाण्याचा पंप सेकंदभर घरघरतो. मोटरहोममध्ये, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीत, गळतीची पहिली खबर बहुतेक वेळा अशी कानाला लागते, डोळ्यांना नाही. पंपात प्रेशर स्विच असतो. नळीतला दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तो पंप थांबवतो. हा आकडा पंपागणिक वेगळा, साधारण १.४ ते २.८ बारच्या (बार हे दाबाचं एकक) दरम्यान. कुठूनतरी थेंब-थेंब निसटलं की दाब उतरतो आणि पंप पुन्हा चालू होतो. माझी गाडी ब्रिटनमध्ये असते, फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेली. तिच्यात ही घरघर सुरू झाली तेव्हा शॉवरच्या ट्रेपुढची प्लायवूडची जमीन पायाखाली किंचित दबू लागली होती.

ओल जिथे दिसते तिथेच फोडाफोडी सुरू करायचा मोह होतो. घरात ते एक वेळ चालतं, गाडीत नाही. गाडी उभी करताना चाकाखाली रॅम्प घातलेला असतो, कधी नाक खाली तर कधी शेपूट. पाणी नळीच्या पाठीवरून, चौकटीच्या कडेवरून, वायरच्या गुंडाळीतूनही उताराकडे वाहत जातं आणि मीटर-दीड मीटर लांब कुठेतरी जमिनीत मुरतं. म्हणून मी आधी गळती कोणत्या बाजूची ते ठरवतो: दाबाच्या बाजूची (पंपापासून नळापर्यंत), की सांडपाण्याची.

सांडपाण्याची बाजू तपासणं सोपं आहे. पंप बंद करायचा, तांब्याभर पाण्यात खायचा रंग मिसळायचा आणि ते थेट ट्रेच्या जाळीत ओतायचं. नंतर तेच ट्रेच्या कोपऱ्यांत, सिलिकॉनच्या सांध्यावर. खाली रंगीत ओल आली तर दोष ट्रेला गेलेल्या तड्यात, जाळीखालच्या वायसरमध्ये किंवा सिलिकॉनमध्ये आहे. मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा नळ, उघडण्यात अर्थ नाही. ट्रेला तडा बहुधा जाळीच्या आसपास जातो, कारण तिथे खालून आधार नसतो आणि माणूस नेमका तिथेच उभा राहतो.

आता दाबाची बाजू. पंप चालू, सगळे नळ बंद, आणि कान पंपाकडे. घरघर आली तर गळती आहे, पण दोन अपवाद माहीत हवेत. पहिला: पंपाच्या आतला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह झिजला, त्यात कचरा अडकला, तर पाणी परत टाकीत जातं आणि बाहेर एक थेंब न सांडताही पंप ठोके देत राहतो. पंपाच्या बाहेर पडणारी नळी सोडवून तिथेच एंड-प्लग (तोंड बंद करणारं बूच) लावा. तरीही घरघर येत असेल तर दोष पंपातच आहे. दुसरा अपवाद गाडीखाली दिसतो. ट्रुमा कॉम्बी हा हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा हीटर असलेल्या गाड्यांत फ्रॉस्टकंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो. हीटर बंद असताना आसपासचं तापमान सुमारे ३ अंश सेल्सिअसखाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि हीटरमधलं पाणी रस्त्यावर सोडून देतो, आत गोठून टाकी फुटू नये म्हणून. तो पुन्हा हातानेच बंद करावा लागतो आणि ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद राहत नाही. थंडीच्या सकाळी गाडीखाली डबकं आणि पंप सतत चालू, यामागे अनेकदा हाच व्हॉल्व्ह असतो.

टाकीत बुडणारा पंप आणि नळाच्या मुठीत पंप चालू करणारा छोटा मायक्रोस्विच अशी रचना असेल तर ही ऐकण्याची युक्ती उपयोगाची नाही. तिथे नळ उघडल्याशिवाय पंप चालतच नाही, त्यामुळे गळतीही पाणी चालू असतानाच होते. अशा गाडीत पॅनेल उघडून, शॉवर चालू ठेवून, टॉर्च घेऊनच बसावं लागतं.

शॉवरचा मिक्सर भिंतीच्या ज्या बाजूला दिसतो त्याच्या मागे बहुधा कपाट असतं. माझ्या गाडीतही तसंच होतं: कपाटाची मागची पातळ प्लाय चार स्क्रूंवर, स्क्रूंवर प्लास्टिकच्या टोप्या. काही गाड्यांत मागून वाटच नसते. तेव्हा मिक्सर पुढून सोडवून नळ्यांसकट बाहेर ओढावा लागतो, आणि नळीला ढील नसेल तर ते काम चिकाटीचं होतं.

हात घालण्याआधी तीन गोष्टी. कंट्रोल पॅनेलवरून पंप बंद. हीटर बंद, आणि तो थंड होईपर्यंत थांबणं. आतलं पाणी ६० अंशांच्या वर असू शकतं. मग शॉवर आणि वॉशबेसिनचा नळ दोन्ही उघडून दाब उतरवणं आणि निचऱ्याचे कॉक उघडून नळ्या रिकाम्या करणं. एवढं करूनही मिक्सरच्या पोटात पेलाभर पाणी उरतंच, म्हणून खाली जुना टॉवेल हवा.

जागा शोधायला टिश्यू पेपरसारखं साधन नाही. पाणी भरून दाब चढवायच्या आधी सगळे जोड कोरडे पुसायचे, प्रत्येक जोडाभोवती टिश्यूची एकेक पट्टी सैल गुंडाळायची, पंप चालू करायचा. आधी फक्त थंड पाण्यावर अर्धा तास, मग हीटर लावून गरमवर. हा क्रम महत्त्वाचा आहे: गरम पाण्याने नळी मऊ होते आणि थंडीत पूर्ण कोरडा राहिलेला जोड गरम झाल्यावर पाझरू लागतो. नेमकं तेच दिसलं. थंड पाण्याच्या निळ्या नळीची पट्टी कोरडी, गरम पाण्याच्या लाल नळीच्या एल्बोवरची (काटकोनी जोडावरची) पट्टी खालच्या कडेने हळूहळू गडद होत गेली. तिथून पाणी नळीवरून खाली उतरून चाकावरच्या पत्र्याच्या कडेने ट्रेपुढे येत होतं.

या जोडाला पुश-फिट म्हणतात. ब्रिटिश गाड्यांत बहुतेक १२ मिमी बाह्य व्यासाची, थोडी कडक प्लास्टिकची नळी असते आणि ती फिटिंगमध्ये नुसती ढकलून बसवलेली असते. आत स्टीलच्या दातांची कडी नळीला धरते आणि रबराची ओ-रिंग पाणी अडवते. आवळायला तिथे काही नसतंच. दात आणि ओ-रिंग दोन्ही ठीक असूनही जोड गळतो, त्याचं कारण बहुधा बाहेर असतं: नळी भिंतीला क्लिपने धरलेली नसते. मग रस्त्यावरचा प्रत्येक हादरा तिला फिटिंगच्या तोंडाशी हलवतो, ओ-रिंगखाली नळीवर बारीक चर पडतात आणि पाणी त्या चरांतून वाट काढतं. माझी नळी एल्बोत सरळ जात नव्हती. वरच्या अंगाला ताणलेली, एका बाजूला रेललेली होती. नुसता नवा एल्बो लावून हे भागत नाही. ताण तसाच राहिला तर नवीन फिटिंगही काही महिन्यांत त्याच वाटेने जातं.

सामान थोडंच लागतं: १२ मिमीचा एक एल्बो, एक सरळ जोड, लाल नळी अर्धा मीटर, फिटिंगच्या तोंडाच्या कॉलरमागे बसणाऱ्या लॉकिंग क्लिपा, नळी भिंतीला धरणाऱ्या दोन-तीन क्लिपा आणि नळी कापायची कात्री. ब्रिटनमध्ये घरच्या प्लंबिंगच्या दुकानात बहुतेक १०, १५ आणि २२ मिमीचं सामान मिळतं. १२ मिमीसाठी कॅरॅव्हॅनच्या दुकानाकडे जावं लागतं. तिथे जाताना कापलेला नळीचा तुकडा खिशात ठेवा. जर्मन बनावटीच्या अनेक गाड्यांत १० मिमी आतल्या व्यासाची मऊ होज असते. ‘दहा’ आणि ‘बारा’ हे दोन आकडे वेगवेगळ्या जागी मोजलेले आहेत, त्यावरून चुकीचं सामान घरी येतं.

नळी सोडवताना आधी लॉकिंग क्लिप काढायची, फिटिंगच्या तोंडाची कॉलर दोन बोटांनी आत दाबून धरायची आणि मग नळी सरळ ओढायची. कॉलर न दाबता हिसका दिला की दात नळीत आणखी रुततात. निघालेल्या टोकाकडे उजेडात पाहा. माझ्या नळीवर कडेपासून साधारण दीड सेंटीमीटरवर, एकाच बाजूला, नख अडकेल एवढा चर होता. तेवढा भाग फेकायचाच. पण कापल्यावर नळी आखूड पडते आणि ती ओढूनताणून बसवली की पुन्हा तोच ताण. म्हणून मी जुनी नळी हाताच्या वीतभर खाली कापली, तिथे सरळ जोड घातला आणि वरच्या टप्प्यात नवी, थोडी लांब नळी सैल वळण देऊन एल्बोत सरळ उतरवली.

कापताना करवत किंवा बोथट सुरी नको. टोक तिरकं झालं तर नळी एका बाजूने पूर्ण बसते आणि दुसऱ्या बाजूने नाही. कडेचा खरखरीतपणा बोटाने तपासून काढायचा, नाहीतर आत ढकलतानाच तो ओ-रिंगला चिरतो. फिटिंग नळीच्या बाजूला धरून ती किती आत जाणार ते मोजायचं, सुमारे २० मिमी, आणि तिथे पेन्सिलने खूण करायची. ढकलताना पहिला अडथळा ओ-रिंगचा असतो. अनेक जण तिथेच थांबतात. त्याच्या पुढे आणखी एक ढकल लागते, खूण कॉलरखाली गेली पाहिजे. मग जोरात ओढून पाहायचं आणि लॉकिंग क्लिप लावायची. टेफ्लॉन टेप इथे कुठेच लावायची नाही, सिलिकॉनही नाही. शेवटी नळी भिंतीला धरायची: एक क्लिप एल्बोपासून दहा सेंटीमीटरवर, दुसरी सरळ जोडाच्या खाली.

मऊ होज आणि स्टीलच्या क्लिपा असलेल्या गाडीत गोष्ट वेगळी. तिथे आवळता येतं, आणि म्हणूनच नुकसान जास्त होतं. मिक्सरचा निपल, म्हणजे होज जिच्यावर चढते ती तोटी, प्लास्टिकचा असतो. क्लिप पिळत गेलात तर होज चिरते किंवा निपलला केसाएवढा तडा जातो आणि तो बंद पॅनेलमागे कुणाला दिसत नाही. होज जुनी होऊन कडक झाली असेल तर तिचा शेवटचा दोन-तीन सेंटीमीटर भाग कापून टाका, ताजं टोक गरम पाण्यात मिनिटभर बुडवून मऊ करा आणि निपलच्या सगळ्या कड्या ओलांडून पूर्ण चढवा. जुनी होज काढताना ती ब्लेडने उभी चिरायची पद्धत आहे, पण ब्लेड खालच्या निपलवर ओरखडा ठेवून जातं आणि गळती तिथूनच परत सुरू होते. शॉवरची लवचिक नळी जिथे मिक्सरला लागते तिथे अर्ध्या इंचाचे आटे आणि आत सपाट रबरी वायसर असतो. सील त्या वायसरने होतं, आट्यांनी नाही. वायसर बदला, हाताने घट्ट करा, वर पान्याने पाव फेरा, बस्स.

शॉवरच्या मुठीवर पाणी थांबवायचं बटण असेल तर एक सवय सोडा. साबण लावताना पाणी वाचावं म्हणून ते बटण दाबलं की मिक्सर उघडाच राहतो, पंपाचा पूर्ण दाब लवचिक नळीवर येतो आणि मिक्सरमधून गरम-थंड पाणी एकमेकांच्या नळीत शिरू शकतं. साबण लावतानाही आणि अंघोळ संपल्यावरही मिक्सरच बंद करायचा.

चाचणीत घाई नको. टाकीत पाणी, पंप चालू, मिक्सर उघडून नळ्यांतली हवा फुसफुस थांबेपर्यंत बाहेर, मग सगळं बंद. थंडवर तासभर पंपाचा आवाज येता कामा नये. नंतर हीटर ६० अंशांवर आणि पुन्हा तेच. त्यानंतर गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणून टिश्यू परत पाहायचे. पॅनेल तोवर उघडंच.

गळती थांबली तरी पॅनेल लगेच लावू नये, कारण प्लायवूड आणि आतलं इन्शुलेशन ओलंच असतं. कपाटाची दारं उघडी, आत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा ओढणारं यंत्र) किंवा हीटरची गरम हवा, आणि ओलावा-मीटरने रोज एकाच जागी मोजणी. १५ टक्क्यांच्या आत आलं की बंद करायला हरकत नाही. २० च्या वर अडून बसलं तर आणखी एखादी गळती शोधावी लागते. ३० च्या पुढे लाकूड कुजायला लागलेलं असतं आणि काम प्लंबिंगचं राहत नाही.

महाराष्ट्रात टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅम्पर बनवणारे कधीकधी घरातल्यासारखं सीपीव्हीसी (ताठ प्लास्टिकची नळी) आणि ती चिकटवायचं सॉल्व्हंट सिमेंट वापरतात. ते इमारतीसाठी ठीक आहे. गाडीच्या हादऱ्यांत असे ताठ जोड गळ्याशी चिरतात, आणि चिकटवलेला जोड सुटत नसल्याने दोन्हीकडची नळी कापावी लागते. शक्य तिथे लवचिक नळी आणि दर ३० ते ४० सेंटीमीटरवर क्लिप बरी. अशीच गाडी स्पीती किंवा लडाखला नेणार असाल तर गोठण्याचा धोका तिलाही आहे. पाणी काढताना मिक्सरची मूठ मधोमध उघडी ठेवा, म्हणजे गरम आणि थंड दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. शॉवरची मूठ खाली ट्रेमध्ये ठेवा. नळ उघडे असताना पंप थोडा वेळ कोरडा चालवून उरलेलं पाणी बाहेर काढा. निचऱ्याचे कॉक आणि नळ गाडी उभी असेपर्यंत उघडेच राहू द्या.