देवाची टोपली

रविवार, रात्री

आज चर्चमध्ये कापणीचा सण होता. उपासनेनंतरचा, देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव भलताच रंगला. एका साध्या नारळासाठी दोघे जण असे हट्टाला पेटले की पाळकसाहेबांनाच हसू आवरेना.

पण लिहायचंय ते कालचं. बेळगावजवळच्या उचगावकडच्या शेतातली रताळी अंगणात ओतून माती झटकणं चाललं होतं. आमचे हे सरळ, भरलेली, न किडलेली तेवढी टोपलीत ठेवत होते. धाकट्याला वाटलं, ती विकायची. "ही देवाची, बाकीची मार्केट यार्डात," एवढंच म्हणून यांनी पुढचं पोतं ओतलं. जरा वेळाने बघते तर पोराने टोपलीतलं एक रताळं उलटंपालटं करून पाहिलं, खालच्या बाजूला किडीचं भोक दिसलं, तसं बाहेर टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. बायबलमधलं दशांशाचं, म्हणजे दहावा हिस्सा देवाला देण्याचं वचन तो रविवारशाळेत कधीचा घडाघडा म्हणतो, ते वेगळं.

बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातलं, घरी-दारी, निजता-उठता मुलांच्या मनावर आज्ञा बिंबवायचं वचन आपल्या सगळ्यांना पाठ. त्याच्या आधी त्या आज्ञा तुझ्या स्वतःच्या मनात असू देत असं म्हटलंय, ते मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. आम्हा मेथडिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांत बाळाच्या बाप्तिस्म्यालाही बाळाला कोण काय विचारणार? मुलापुढे शुभवर्तमानाला शोभेल असं जगू, हे वचन आईबापांनी द्यायचं. नंतरच्या जेवणाच्या गडबडीत ते किती जणांच्या लक्षात राहतं कोण जाणे.

बायबलमधल्या पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता, मग आई युनीकेत, असं पौल लिहितो. आमच्या घरची लोईस म्हणजे सासूबाई. थोरलीच्या कन्नडच्या अभ्यासावरून यांचा आवाज चढतो. घरात सगळी मराठी, पोरगी जोडाक्षरांत अडखळते आणि यांचा पारा वर. मग आतून सासूबाई देवाचं वचन काढतात, "बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका!" इफिसकरांस पत्र, सहावा अध्याय. स्वतःच्या लेकासाठी त्यांनी ते राखूनच ठेवलंय. हे गप्प होतात आणि पोरीला "माफ कर गं" म्हणतात, आमच्या सगळ्यांच्या देखत. माझ्या वडिलांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

उद्या तिची चाचणी आहे. आजची उजळणी आजीच्या खोलीत झाली. यांना आत यायची परवानगी नव्हती.