पद्मिनीचं काम: पुढे डिस्क बसल्या, आता बूस्टरचा घोळ

आमच्या प्रीमियर पद्मिनीत मारुती जिप्सी किंगचं 1298 सीसी इंजिन बसल्यापासून जो तो विचारतोय, "किती पळते?" थांबते कशी, हे कुणी विचारत नाही. (इंजिन बदलाची नोंद आरसीवर झालीय. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यात कंटाळा करू नका.)

मूळ पद्मिनी 1089 सीसीची, चारही चाकांना ड्रम. तेवढ्या इंजिनाला ते पुरायचं. पण वेग 60 वरून 90 वर गेला की ब्रेकला 2.25 पट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात मे महिन्यात तुळजापूरचा घाट उतरायचा म्हणजे ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल खाली खाली जातं. म्हणून पुढे डिस्क, मागे ड्रम तसेच. कॅलिपरचं (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) ब्रॅकेट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत मशीनवर करून घेतलं. गॅस कटिंगचं ब्रॅकेट स्वस्तात पडतं, पण ब्रेकच्या कामात मी ते लावणार नाही.

आता खरा वाद. ड्रममधला पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी आवळला जातो, डिस्कला ती फुकटची मदत नाही. त्यामुळे डिस्क लावल्यावर पेडल दगडासारखं कडक लागतं आणि लोक म्हणतात, "डिस्क बेकार." बूस्टरने (इंजिनच्या व्हॅक्युमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा) गाडी कमी अंतरात थांबते हाही गैरसमज. चाक लॉक होईल इतका जोर पायात असेल तर बूस्टर त्यापुढे काही देत नाही. तो फक्त पायाचे कष्ट कमी करतो.

बूस्टरशिवाय भागवायचं तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) बारीक घ्या. सात सुताऐवजी (7/8 इंच) सहा सुताचा (3/4 इंच) बोअर घेतला तर त्याच जोराला साधारण 36 टक्के जास्त प्रेशर मिळतं, बदल्यात पेडल जास्त खाली जातं. मी सहा सुताचा लावून पाहिला आणि मला तो आवडला. एका फेरीनंतर अण्णा म्हणाले, "ब्रेक दाबायलोय का जिम करायलोय?" त्यांचे गुडघे दुखतात आणि गाडी मुळात त्यांची. विषय संपला, बूस्टर आला.

तोही जिप्सीचाच, सोबत तिचाच दुहेरी मास्टर. एक सर्किट गेलं तरी दुसरं उरतं, माझ्या मते बूस्टरपेक्षा ही सुधारणा मोठी. जुना ड्रमचा मास्टर ठेवणाऱ्यांनी त्यातला रेसिड्युअल व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा) बघावा. तो डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड घासत राहतात.

बूस्टर लावताना सगळ्यात जास्त वेळ पुशरॉडने (बूस्टरमधून मास्टरचा पिस्टन ढकलणारा रॉड) खाल्ला. रॉड आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये किंचित फट हवीच. नसेल तर ऑइल परत टाकीत जायचं भोक उघडत नाही आणि ब्रेक हळूहळू धरून बसतो. पुतणीच्या खेळण्यातल्या मातीची गोळी रॉडच्या टोकाला लावली, मास्टर आवळला, परत काढला. माती कागदाइतकी पातळ दबली होती, म्हणून रॉड अर्धा आटा आत घेतला. दुसरं म्हणजे फायरवॉल, इंजिन आणि केबिनमधला पत्रा. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि बॉनेट उघडून मास्टरच्या नाकाकडे बघा. ते पुढे सरकलं तर पत्रा वाकतोय. आमचा वाकत होता, आतून 5 मिमीची प्लेट दिली.

बूस्टर चालतोय का, हे बघणं सोपं: इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत मारायचं, मग दाबून धरून स्टार्टर मारायचा. पेडल थोडं खाली बसलं की व्हॅक्युम पोचतोय. व्हॅक्युमचा पाइप मात्र जाड, आत न चिपकणाराच घ्या. डिझेल इंजिन बसवणाऱ्यांना हे सगळं करून उपयोग नाही, तिथे अल्टरनेटरमागचा व्हॅक्युम पंप लागतो.

राहिलाय मागचा तोल. मोकळ्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर पुढची चाकं आधी लॉक व्हायला हवीत, तशी होतात. पण मागचे ड्रम आता फारच कमी काम करतायत असं वाटतंय. पुढे डिस्क लावून मागचे व्हील सिलिंडर (ड्रममधले शू ढकलणारे) मोठे केलेत असं कुणी आहे का? कुठला साइज टाकला आणि ओल्या रस्त्यावर मागचं चाक लॉक होऊन घसरतं का, तेवढं सांगा.