पवनाकाठचा डेक आणि रात्री तीनचा धूर

"लाकडी डेकवर शेकोटी, एकदम सेफ," असं कॅम्पवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं. सेफ कसलं डोंबलाचं!

शनिवारी सकाळी तुंग किल्ला झाला. सोपा आहे, करून टाका. संध्याकाळी पवना धरणाच्या काठी मुक्कामाला पोचलो तर डेकच्या फळ्यांवर एक पत्रा, त्यावर दोन घमेली वाळू, झाली शेकोटीची जागा! मोळी ३०० रुपये. त्यात निम्मं ओलं सुबाभूळ आणि दोन बांबू. बांबूची पेरं फटाक्यासारखी फुटतात. एका ठिणगीने तंबूला भोक पाडलं. दुसऱ्या मोळीचे पुन्हा ३००. येतानाच वखारीतून सुकी लाकडं गाडीत टाका, यांना एक रुपया देऊ नका.

अकराला निखाऱ्यांवर वाळू लोटून झोपलो. हीच घोडचूक. वाळूखाली निखारे जिवंत राहिले, पत्रा तापत राहिला आणि खालची फळी आतल्या आत धुमसत गेली. तीनला धुराच्या वासाने जाग आली तेव्हा जाळ कुठेच नव्हता, फक्त फटीतून धूर. पाण्यावरचा वारा डेकखालून फुंकर घालतच होता. आठ बादल्या ओतल्या, तरी शेवटी फळी पहारीने उचकटावी लागली.

सकाळी शेजारच्या शेतातले आजोबा आले. रानडुकरांच्या राखणीला माळ्यावर बसून रात्र रात्र आगटी पेटवलेला माणूस. म्हणाले, "पत्र्यानं लाकूड वाचत न्हाय, मातीनं वाचतं. अर्धा फूट तरी माती पायजे."

मग दुसऱ्या रात्रीसाठी त्यांच्या देखरेखीखाली तंबूंपासून १५ फुटांवर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला वेगळा गुडघाभर उंच लाकडी ओटा केला. वजनाचा हिशोब आधी: ३ बाय ३ फुटांवर अर्धा फूट माती म्हणजे कोरडीच २०० किलोच्या आसपास, म्हणून खाली जाड वासे आणि मधोमध टेकू. फळ्यांवर फटी ठेवून विटा, म्हणजे हवा खेळते. त्यावर पत्रा, कडेने विटांचा काठ आणि आत ठोकून बसवलेला मुरूम. शेणखताची माती नको, ती स्वतःच धुमसते. पाण्यातले गोटेही नकोत, तापले की तडकतात. आग फक्त मधल्या दीड फुटात. (जमीन कोरडी, उघडी असेल तर हा खटाटोप कशाला? जमिनीवरच पेटवा.)

विझवताना पाणी, काठीने ढवळणं, परत पाणी. राखेवर उलटा हात धरून पाहिला, मग ओट्याखाली फळ्यांनाही लावला. गार होत्या. तरी रात्री दोनदा उठून बघून आलो.

जळक्या फळीचे पैसे निघताना आमच्याकडेच मागितले. दिले नाहीत.