कौशिकाचे सत्य आणि शाळेचा दाखला

खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेत दहावीला मराठी शिकवणाऱ्या सरांनी एकदा महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची कथा सांगितली. सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या या तपस्व्याने, चोरांच्या भीतीने रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा चोरांना सांगून टाकला. ती माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. त्यापाठोपाठ सरांनी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा १७९७ मधील निबंध आमच्यापुढे ठेवला. घरात लपलेल्या मित्राचा माग काढत मारेकरी दारात आला, तरी त्याच्याशी खोटे बोलू नये, असे कांट त्यात म्हणतो. 'तो घरात नाही' असे तुम्ही सांगितले आणि तेवढ्यात बाहेर निसटलेला मित्र मारेकऱ्याच्याच हाती लागला, तर त्याचा दोष तुमच्याकडे येतो, असा त्याचा युक्तिवाद आहे. आम्हाला कांट निष्ठुर वाटला.

त्याचे म्हणणे मला पुढे शाळेच्या कचेरीत उमगले. मुलाला नोकरी मिळावी म्हणून एक पालक दाखल्यावरची जन्मतारीख बदलून मागत होते. त्यांची नड खरी होती. मुख्याध्यापकांनी रजिस्टर उघडले, नोंदीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "अण्णा, लोक या शिक्क्यावर विश्वास ठेवतात, म्हणूनच तुम्हाला तो हवा आहे. मी असे दाखले देऊ लागलो, तर उद्या खऱ्या दाखल्याला तरी कोण विचारील?" खोटे वचन देणे हा सर्वांनीच पाळायचा नियम केला, की ते वचन आपोआप निरुपयोगी होते, हे १७८५ मध्ये कांटने मांडलेले सूत्र मला त्या वाक्यात सापडले.

मारेकऱ्याच्या बाबतीत मात्र मला कांट पटत नाही. खोटा दाखला परस्परविश्वासावर चालणारा व्यवहार पोखरतो. मारेकऱ्याने तो व्यवहार आधीच मोडलेला असतो आणि आपले उत्तर त्याला केवळ हत्यार म्हणून हवे असते. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला जो क्रम सांगतो, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो: न बोलून भागत असेल तर बोलू नये, बोलणे भागच पडले, किंवा गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तर तेथे असत्य श्रेयस्कर. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये याच्या जवळ जाणारा विचार मांडला. दोन कर्तव्यांत विरोध आला की जड कर्तव्य पाळावे, पण मागे पडलेले कर्तव्य त्यामुळे पुसले जात नाही, असे ते मानतात. खोटे बोलणाऱ्याला हा विचार मोकळे सोडत नाही, म्हणून तो मला पटतो; माणूस वाचल्यानंतरही, मौनाने भागले असते का, याचा जाब त्याने स्वतःला द्यायचाच असतो.